म्हातारा कुत्रा घरी आणताना

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त मधलं अडखळणं आणि एकदा वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकलीय.)

मागच्या भागात मी सहज तात्याचा उल्लेख केला आणि नंतर आलेले अर्धे मेसेज त्याच्याबद्दलचेच होते. म्हणून आजचा भाग कोडिंग, करिअर वगैरे बाजूला ठेवून फक्त तात्यावर.

तात्या म्हणजे आमचा कुत्रा. मार्चमध्ये पुण्याजवळच्या एका शेल्टरमधून आम्ही त्याला घरी आणलं. लॅब्राडोर आणि गावठी यांचं मिश्रण, वजन बावीस किलो, तोंडावरचे केस सगळे पांढरे. सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, ‘ताई, पिल्लू का नाही आणलंस?’ सोपं आहे. मी आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला ऑफिसला जाते. घरी आई-बाबा असतात, पण बाबांचे गुडघे दुखतात. पिल्लामागे धावणार कोण? म्हातारा कुत्रा दिवसातला बराच वेळ झोपतो. आणि दुसरं कारण हे की शेल्टरमध्ये आलेली माणसं सरळ पिल्लांच्या पिंजऱ्याकडे जातात. म्हाताऱ्यांच्या रांगेत कुणी थांबत नाही. मी तीन रविवार बघत होते.

त्याच्या आधीच्या आयुष्याबद्दल आम्हाला फार थोडं ठाऊक आहे. एका सकाळी शेल्टरच्या गेटला नायलॉनच्या दोरीने कुणीतरी त्याला बांधून गेलं होतं. गळ्याभोवती पट्ट्याचा जुना वण आहे, म्हणजे वर्षानुवर्षं पट्टा होता. नसबंदी करून परत सोडलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कानाला खूण म्हणून एक छोटी खाच मारलेली असते, तीही त्याच्या कानाला नाही. म्हणजे तो कुणाच्या तरी घरातला होता. आणि हो, प्राण्याला असं उपाशी मरायला वाऱ्यावर सोडणं आपल्याकडे गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. तो आकडा वाचून मी लॅपटॉप मिटला होता.

शेल्टरमध्ये त्याचं नाव रॉकी ठेवलं होतं. बाबा म्हणाले, ‘या वयात रॉकी?’ आणि तिथल्या तिथे त्याचा तात्या झाला. त्याला ऐकूच कमी येतं, त्यामुळे नाव बदलल्याचं त्याने काही मनाला लावून घेतलं नाही.

वय नक्की कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टरांनी दात आणि डोळे बघून नऊ ते अकरा म्हटलं. आपण ‘कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात’ असं लहानपणापासून ऐकतो, पण ते बरोबर नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी लॅब्राडोर कुत्र्यांच्या डीएनएवरच्या खुणा तपासून एक सूत्र मांडलं. कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा, १६ ने गुणायचं, ३१ मिळवायचे. मी इंजिनिअर, मला राहवलं नाही. दहा वर्षं टाकली तर उत्तर येतं जवळपास ६८. आमचे बाबा ६७ चे. म्हणजे त्या हिशोबाने घरात वडीलधारा तात्याच. हे बाबांना सांगितल्यावर ते म्हणाले, ‘मग त्याला अहो-जाहो करू का?’

पण बाबा सुरुवातीला या सगळ्याच्या विरोधात होते, हे स्पष्ट सांगायला हवं. शेल्टरची एक चांगली पद्धत होती. पहिला महिना चाचणीचा, जमलं तर कागदावर सही, नाही तर कुत्रा परत. बाबांनी होकार दिला तो फक्त या एका महिन्याला. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. ‘आपल्याच गोळ्यांचे डबे सांभाळताना नाकी नऊ येतात, त्यात अजून एक म्हातारं कशाला? आणि दोन वर्षांत गेलं की रडत बसायचं.’ आईचा विरोध नव्हता, पण तिने एक अट घातली. स्वयंपाकघराचा उंबरा तो ओलांडणार नाही. देवघरातल्या दत्ताच्या फोटोत चार कुत्री चालतात, याकडे मी तिचं लक्ष वेधलं. ती म्हणाली, ‘ती फोटोत आहेत. केस गाळत नाहीत.’

कुत्री दत्तक घेणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा सांगतात, ३-३-३. पहिले तीन दिवस प्राणी भेदरलेला असतो, तीन आठवड्यांत घराची लय कळते, तीन महिन्यांत त्याला ते आपलं घर वाटायला लागतं. हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं काही नाही, अनुभवाचं बोलणं आहे. तात्याच्या बाबतीत पहिला टप्पा तीन दिवसांचा नव्हताच, अकरा दिवसांचा होता. त्या अकरा दिवसांत आम्ही काय केलं? जवळजवळ काहीच नाही. हॉलमध्ये भिंतीला लागून, जिथून दरवाजा दिसतो आणि मागून कुणी येऊ शकत नाही, असा एक कोपरा त्याला दिला. तिथे जाड गादी, शेजारी पाणी. त्या कोपऱ्यात जाऊन त्याला हात लावायचा नाही. तो उठून आपल्याकडे आला तर बोलायचं. नातेवाइकांना दोन आठवडे बंदी, आईची भिशी मावशीकडे हलवली. आंघोळसुद्धा घातली नाही, नुसतं ओल्या फडक्याने पुसलं. जेवण, फिरणं, झोप यांच्या वेळा मात्र घड्याळ लावून पाळल्या. नव्या जागेत त्याला माणसांची खात्री नसते, मग निदान सात वाजता बाहेर आणि आठ वाजता ताटली एवढी तरी खात्री हवी ना!

आता सगळ्यात महत्त्वाचं बोलते. तात्या पहिले चार दिवस नीट जेवला नाही. कोरडं खाणं तोंडात घ्यायचा, खाली टाकायचा. फोनवर प्रत्येकाने एकच निदान केलं. दुःखात आहे बिचारा, मालकाची आठवण येते. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं तर एका बाजूची दाढ उभी चिरलेली, हिरड्या सुजलेल्या. दुःख असेलही, पण आधी दाढ होती! रक्ततपासणी केली. त्यात रक्तपेशी, प्लेटलेट, यकृत, मूत्रपिंड असं सगळं आलं. आपल्याकडे गोचिडांचा ताप इतका सर्रास असतो की प्लेटलेट बघाव्याच लागतात. रिपोर्ट भूल देण्याइतके बरे निघाले आणि बाराव्या दिवशी ती दाढ आणि शेजारचा एक दात काढला. त्यानंतर चौथ्या दिवशी त्याने मऊ भात आणि चिकन असं खाल्लं की आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून बघत होती.

म्हणून माझं म्हणणं असं की म्हाताऱ्या कुत्र्याचं वागणं विचित्र वाटलं तर त्याच्या मनाची गोष्ट रचण्याआधी शरीर तपासा. हात लावल्यावर गुरगुरतो? कंबर दुखत असेल. घरात लघवी करतो? मूत्रपिंड, मधुमेह, मूत्रमार्गाचा संसर्ग, काहीही असू शकतं. कोपऱ्याकडे तोंड करून उभा राहतो, ओळखीच्या खोलीत हरवल्यासारखा वागतो? माणसांसारखाच कुत्र्यांच्या मेंदूलाही म्हातारपणाचा विस्मृतीचा आजार होतो. डोळे निळसर दिसतात म्हणजे मोतीबिंदूच असंही नाही. वयाबरोबर डोळ्याचं भिंग घट्ट होतं, त्याने तशी झाक येते आणि दिसायला फारसा अडथळा होत नाही. तात्याचं तेच आहे. हे मी ठरवलेलं नाही, डॉक्टरांनी बघून सांगितलेलं आहे. तुम्हीही तसंच करा.

रात्रींचा प्रश्न मात्र मोठा होता. रात्री दोनच्या सुमारास तो उठायचा आणि हॉलमध्ये येरझाऱ्या. फरशीवर नखांची टकटक. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘वरती रात्री कोणी टायपिंग करतं का?’ मला हसू आलं, बाबांना नाही आलं. महिना संपायला सोळा दिवस उरले होते.

मग मी मला येतं ते केलं. लॉग ठेवला. एक साधी शीट. शेवटचं पाणी किती वाजता, शेवटची लघवी किती वाजता, कधी उठला, किती वेळ फिरला, हॉलमधला दिवा चालू की बंद. मोजपात्राने पाणीसुद्धा मोजलं. कारण दर किलोमागे दिवसाला शंभर मिलीलिटरच्या वर पाणी पीत असेल तर ते आजाराचं लक्षण धरतात. तात्या सव्वा लिटरच्या आत होता, म्हणजे ठीक. आठवड्याभरात दोन गोष्टी दिसल्या. शेवटची फेरी नऊला झाली की तो दोनला उठतोच, साडेअकराला झाली की पाचपर्यंत झोपतो. आणि ज्या दोन रात्री मी काम करत बसल्यामुळे हॉलमधला छोटा दिवा चालू होता, त्या रात्री उठला तरी पाणी पिऊन परत गादीवर गेला. अंधारात त्याला गादी सापडत नव्हती, एवढंच! झीरोचा बल्ब लावला. शेवटची फेरी साडेअकराची केली, ती माझ्याकडे आली. टकटक कमी झाली. काकूंना जाऊन पेढे देऊन आले, त्यांनी ग्रुपवर अंगठा दाखवला.

फरशीबद्दल थोडं. आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्स म्हाताऱ्या कुत्र्याला बर्फासारख्या वाटत असणार. सांधे दुखतात, मागचे पाय पसरतात, एकदा घसरला की तो खोलीच ओलांडायचं बंद करतो. आम्ही तीन जुन्या योगा मॅट कापून गादीपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दरवाजापर्यंत वाट केली. सतरंजी चालत नाही, तीच घसरते. पंजाच्या गाद्यांमधले वाढलेले केस कापले, नखं कापली. दिसायला घर गबाळं झालं. आई म्हणाली, लग्नकार्यात पाहुणे आले की मॅट उचलायच्या. अजून एकदाही उचललेल्या नाहीत.

आणि लिफ्ट! आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. तात्या आयुष्यात कधी लिफ्टमध्ये गेला नसणार. दार सरकलं की तो मागे, खालची फट दिसली की अजून मागे. जिने चढणं-उतरणं त्याच्या सांध्यांना परवडणारं नाही, म्हणून पहिले काही दिवस मी आणि आमचे वॉचमनकाका चादरीची झोळी करून बावीस किलोचे महाराज खाली न्यायचो. काका लातूरकडचे. एके दिवशी ते खालून नुसतं ‘यू यू यू’ असं म्हणाले, आपण गावाकडे कुत्र्याला बोलावतो ना तसं, आणि तात्याची मान झटकन वर! आमच्या ‘तात्या’ला नाही, शेल्टरच्या ‘रॉकी’ला नाही, ‘यू यू’ला. म्हणजे कुठल्यातरी अंगणात त्याला असंच बोलावत असणार. तेव्हापासून आम्हीही तसंच बोलावतो, फक्त मोठ्याने.

तर लिफ्ट. ओढून आत नेणं शक्य होतं, पण तसं करायचं नाही हे मी ठरवलं होतं. दुपारी तीनला, जेव्हा कुणाला लिफ्ट लागत नाही, तेव्हा आम्ही नुसते दारासमोर उभे राहायचो. दार उघडलं की उकडलेल्या चिकनचा एक तुकडा, दार मिटलं की घरी. तीन दिवस एवढंच. मग तुकडा उंबऱ्याच्या फटीजवळ. मग फटीवर पायपुसणं टाकलं, जेणेकरून फट दिसणार नाही. मग दोन पाय आत, तुकडा, बाहेर. सहाव्या दिवशी चारी पाय आत आले, दार उघडंच ठेवलं. आठव्या दिवशी एक मजला खाली. लिफ्ट हलल्यावर तो थरथरला आणि माझ्या पायाला टेकून उभा राहिला. आपणहून मला टेकण्याची ती त्याची पहिलीच वेळ. नवव्या दिवशी तळमजला. आता लिफ्ट आली की आमच्या आधी आत जातो आणि दाराकडे पाठ करून उभा राहतो, काही लोक करतात तसं.

लिफ्टवरून सोसायटीतल्या एका सभासदांनी हरकत घेतली होती, ‘कुत्र्यासाठी जिना वापरा’. तुमच्याकडेही हे होईल म्हणून सांगते. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव करूनसुद्धा नाही, आणि लिफ्टही नाकारता येत नाही. पण कायदा तोंडावर फेकण्याआधी मी रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र आणि महापालिकेच्या परवान्याची प्रत सेक्रेटरींना नेऊन दिली, पट्टा कायम हातात असेल आणि घाण मी उचलेन हे सांगितलं. विषय तिथेच संपला. कागद तयार ठेवा, आवाज चढवायची वेळ येत नाही.

ऐकू कमी येणाऱ्या कुत्र्याला झोपेत हात लावायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना, विशेषतः लहान मुलांना पक्कं सांगा. दचकून चावा घेऊ शकतो आणि दोष त्याच्यावर येतो. आम्ही जवळ जाऊन पाय हलकेच आपटतो, जमिनीच्या कंपाने तो जागा होतो. माझा पाच वर्षांचा भाचा आता सगळ्यांनाच असं उठवतो. आणि गुरगुरला म्हणून रागावू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती बंद केली तर सूचना न देता चावेल.

स्वयंपाकघरातलं पटकन. कांदा-लसणाचा रस्सा नाही, द्राक्षं नाहीत, शिऱ्यातले बेदाणेसुद्धा नाहीत, चॉकलेट नाही. दूध-पोळी प्रेमाने देतात, पण बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. आणि दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन अजिबात नाही, जीव जाऊ शकतो. तात्याला सांध्यांची गोळी आहे ती डॉक्टरांची, वजनाप्रमाणे. फिरणंही एकदाच लांब नाही, थोडं थोडं चार वेळा.

खर्च बऱ्याच जणांनी विचारलाय. पहिल्या महिन्यात तपासण्या आणि दात मिळून चौदा हजार गेले. आता खाणं-औषधं धरून महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास. म्हातारा कुत्रा फुकट मिळतो, पण स्वस्त पडत नाही. ज्यांची पहिलीच नोकरी आहे आणि घरभाडंही आहे, त्यांनी आधी शेल्टरमध्ये जाऊन रविवारी फिरवायला मदत करावी. तिथेही म्हाताऱ्यांना कुणी फिरवत नाही.

आता दरवाजाचं सांगते. तात्या आल्यापासून रोज संध्याकाळी साडेसहाला गादीवरून उठतो, मॅटच्या वाटेने दरवाजाजवळ जातो आणि बाहेर तोंड करून बसतो. पाऊण तास. ना लघवी असते, ना भूक. लॉगमध्ये हे रोज आहे, एकही दिवस चुकलेला नाही. मी त्याला खाऊ देऊन उठवून बघितलं, तो खाऊ खाऊन परत तिथेच बसला. डॉक्टर म्हणाले, सवय असेल, शरीरात काही दोष नाही. बाबा म्हणाले, ‘साडेसहाला कोणीतरी कामावरून घरी येत असणार.’ पुढे कुणीच काही बोललं नाही. एरवी मी म्हणते शरीर तपासा, पण इथे तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाबांनी दुसऱ्या दिवसापासून आपली खुर्ची दरवाजाजवळ नेली. संध्याकाळचा पेपर तिथे बसून वाचतात. त्याला हात लावत नाहीत, बोलत नाहीत. सव्वासात वाजले की दोघं उठतात, गुडघे धरत, साधारण एकाच वेगाने. महिना पूर्ण झाला त्या दिवशी शेल्टरचा फॉर्म टेबलावर होता. मी ऑफिसातून यायच्या आत त्यावर बाबांची सही होती. ‘पालकाचे नाव’ या रकान्यातही त्यांनी स्वतःचंच नाव लिहिलं होतं, माझं नाही. मी यावर अजून भांडतेय.

सात महिने झाले, तो अजूनही साडेसहाला दरवाजाशी बसतो. पूर्वी पाऊण तास, आता कधी पंचवीस मिनिटं, कधी पावणेएक तास. मी आलेख काढून बघितला, त्यातून काही निष्कर्ष निघत नाही. मी सातला घरी येते तेव्हा तो आधी माझ्या मागे बघतो, मग माझ्याकडे. शेपूट मात्र दोन्ही वेळा हलते.

‘किती दिवस राहील?’ हेही विचारलंय एकाने. मूत्रपिंडाचा एक आकडा वरच्या मर्यादेला टेकलेला आहे, सहा महिन्यांनी करायची तपासणी आता नोव्हेंबरमध्ये आहे. तेव्हा कळेल ते कळेल. बाबांच्या आणि त्याच्या गोळ्या एकाच डब्यात, वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. तात्याच्या कप्प्यावर आईने लाल नेलपॉलिशने फुली मारलीय.

त्याआधी दिवाळी आहे. त्याची आमच्याकडची पहिलीच. ऐकू कमी येतं म्हणून फटाक्यांचा त्रास होणार नाही असं मी धरत नाही, मोठ्या बाराचा हादरा जमिनीतून कळतोच. आतली खोली तयार केलीय. खिडक्यांना जाड पडदे, त्याची गादी आत्तापासूनच रोज तासभर तिथे टाकतोय म्हणजे ऐनवेळी खोली परकी वाटणार नाही. त्या चार दिवसांत संध्याकाळची फेरी अंधार पडायच्या आत, पट्ट्याला फोन नंबरचं पदक लावलंय कारण घाबरलेला कुत्रा कुठेही पळतो. शांत करायचं औषध लागलं तर काय आणि किती, ते डॉक्टरांकडून लिहून घेतलंय. प्रश्न एकच उरलाय, साडेसहाचा. फटाके तेव्हाच सुरू होतात आणि तात्या तेव्हा दरवाजाशी असतो. बाबा म्हणतात, त्याला आत ओढायचं नाही, खुर्ची आणि रेडिओ घेऊन तेच आत जाऊन बसणार, बघू येतो का मागून. मी शीटमध्ये त्यासाठी एक नवा रकाना केलाय. काय होतं ते दिवाळीनंतरच्या भागात सांगते.